भूल आणि वर्गाचा मॉनिटर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. आपली दहावी होऊन चाळीस वर्षं झाली. आता गुडघे, पित्ताशय, मोतीबिंदू, हर्निया हे शब्द आपल्या ग्रुपवर परीक्षेच्या वेळापत्रकासारखे येतात. आणि त्यापाठोपाठ मला एक खासगी निरोप हमखास येतो : ‘‘ऑपरेशनची भीती नाही गं, भुलेची वाटते. उठले नाही तर?’’ आईवडिलांसाठी विचारणारे तर फारच. म्हणून आज त्याच प्रश्नाबद्दल बोलते.

आम्ही ‘झोपवतो’ असं म्हणतो, पण संपूर्ण भूल ही झोप नव्हे. झोपलेला माणूस डास चावला तर कूस बदलतो, घशात काही गेलं तर खोकतो. भुलेत हे पहारेकरी रजेवर जातात. पुष्कळदा श्वाससुद्धा आम्हीच देतो. म्हणजे तेवढा वेळ त्या माणसाची काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असते.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं भूल देणाऱ्याची साधनं मुख्यत्वे म्हणजे नाडीवरचं बोट, छातीवरचा स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि स्वतःचे डोळे. ओठ, नखं निळी पडली की ऑक्सिजन कमी झाला हे कळायचं. पण डोळ्यांना तो निळेपणा उशिराच दिसतो.

1970 च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी या अभियंत्याने एक युक्ती शोधली. प्रकाशाच्या साहाय्याने ते वेगळंच मोजमाप करत होते आणि नाडीचे ठोके त्यात सारखे व्यत्यय आणत होते. त्याच ठोक्यांवरून रोहिणीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून आलेला पल्स ऑक्सिमीटर कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला लावून पाहिला आहे.

आता खरी गंमत ऐका. या यंत्राने किती फरक पडतो, हे डेन्मार्कमध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. निम्म्यांना ऑक्सिमीटर लावला, निम्म्यांना नाही. 1993 मध्ये निष्कर्ष आले. यंत्र असलेल्या गटात ऑक्सिजन कमी झाल्याचं एकोणीस पट अधिक वेळा लक्षात आलं. पण शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती आणि मृत्यू मोजले, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता!

मग यंत्र निरुपयोगी का? तसं नाही. भुलेमुळे होणारे मृत्यू मुळात इतके विरळ, की त्यातला फरक दिसायला वीस हजार माणसंही अपुरी पडतात. पण दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपल्या वर्गाचा मॉनिटर आठवा. बोलणाऱ्यांची नावं तो फळ्यावर लिहायचा. नुसत्या नावांनी वर्ग कधी गप्प बसला का? बाई आत येऊन फळ्याकडे बघायच्या तेव्हा शांतता व्हायची. आमचा मॉनिटरही नावंच लिहितो. फळा वाचून उठायचं काम माणसाचं.

1986 मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी भुलेच्या वेळी किमान काय पाहिलं पाहिजे, याचे नियम प्रसिद्ध केले. त्यातला पहिला नियम यंत्राबद्दल नव्हता. भूल चालू असताना भूल देणारी व्यक्ती खोलीत हजर हवी, असा तो होता.

पुष्कळांना आणखी एक भीती असते : ऑपरेशनच्या मधेच जाग आली तर? हे क्वचित घडतं. त्यासाठी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून भुलेची खोली दाखवणारं यंत्र निघालं. 2004 च्या एका अभ्यासात, अधिक धोका असलेल्या अडीच हजारांच्या आसपास रुग्णांपैकी नेहमीच्या पद्धतीच्या गटात अकरा जणांना जाग आली होती, यंत्राच्या गटात दोघांना. मात्र 2011 मध्ये सुमारे सहा हजार रुग्णांच्या अभ्यासात या यंत्राची तुलना उच्छ्वासातला भुलेचा वायू मोजून, तो ठरावीक मर्यादेबाहेर गेला की घंटा देण्याच्या पद्धतीशी केली. तेव्हा नवं यंत्र सरस ठरलं नाही. वायूची भूल देताना ही साधी घंटा आणि ती ऐकून लगेच हालचाल करणारा माणूस, एवढ्यानेही काम भागतं.

म्हणून ऑपरेशन ठरलं की ‘‘मशीन कोणतं आहे?’’ एवढंच विचारू नका. ‘‘भूल कोण देणार, ते शेवटपर्यंत थांबणार ना, आणि नंतर शुद्धीवर येताना लक्ष कोण ठेवणार?’’ हेही विचारा. त्यात संकोच नको. आम्हाला राग येत नाही.

आणि भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या, वैद्यांचे काढे, तंबाखू, मिश्री, दारू, हलणारा दात, कवळी, रात्रीचं घोरणं, जिना चढताना लागणारी धाप, घरात पूर्वी कुणाला भुलेचा त्रास झाला असेल तर तोही. सुनेसमोर सांगायचं नसेल तर तिला बाहेर पाठवा, पण सांगा. उपाशी राहायला सांगितलं असेल तर ‘‘घोटभर चहा’’ घेऊ नका. दुधाचा चहा आम्ही खाण्यातच धरतो, कारण पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

ऐंशीच्या आईला भूल झेपेल का, याचं एका शब्दात उत्तर नाही. नुसत्या वयापेक्षा तिचं हृदय, फुप्फुसं, तिचं रोजचं चालणंफिरणं अधिक सांगून जातं. तिला आधी तपासायला घेऊन या. ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, चांगले काही दिवस आधी.

गुरुजनहो, हजेरी घेताना तुम्ही मान वर करून प्रत्येकाकडे बघायचात. माझ्या कामात मला त्याचा फार उपयोग झाला. आपणा सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.