डिचोलीचे खनिज, पेडण्याची मिरची आणि एमबीएचा अर्ज



22 मे 2022 पासून केंद्र सरकारने लोहखनिजावरचा निर्यातकर एका फटक्यात 50 टक्क्यांवर नेला. 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजाला तोवर हा कर नव्हताच, आणि गोव्याचे बरेचसे खनिज याच हलक्या प्रतीचे. त्या वेळी डिचोलीच्या खाणी बंद होत्या. पण लिलावात घेतलेला जुना माल बार्जमधून मांडवीने मुरगावकडे जात होता. 19 नोव्हेंबरला हलक्या मालावरचा कर पुन्हा शून्यावर आला.

आता एखाद्या व्यापाऱ्याने मे महिन्याच्या आरंभी चिनी खरेदीदाराशी ठरावीक भावाने सौदा केला असेल, तर मधेच उपटलेला हा कर भरायचा कोणी? माल सारमानसच्या धक्क्यावर पडून राहिला आणि तिकडे जहाज खोळंबले, तर डेमरेज, म्हणजे जहाज थांबल्याचा भुर्दंड, कोणाच्या माथी? उत्तर कराराच्या कलमांत असते, आणि ती कलमे वाचायला शिकवणारी पदवी म्हणजे इंटरनॅशनल बिझनेसची एमबीए.

या पदवीच्या अटी ऐकीव गोष्टींइतक्या भयंकर नाहीत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड, म्हणजे आयआयएफटी, ही केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाची 1963 सालची संस्था. तिथे कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते; गुण 50 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 45. शेवटच्या वर्षाला बसलेलाही अर्ज करू शकतो. म्हणजे विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयातली बीएची मुलगी आणि डिचोलीच्या नारायण झांट्ये महाविद्यालयातला बीकॉमचा मुलगा, दोघेही पात्र. खरी चाळण पुढे लागते. आयआयएफटी पूर्वी स्वतःची परीक्षा घेत असे, आता कॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण धरते. तिचे इंग्रजी आकलन, माहितीची मांडणी व तर्क, आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटे. त्यानंतर मुलाखत. पुण्याची सिंबायोसिस आपल्याला अधिक जवळची. तिच्या इंटरनॅशनल बिझनेस संस्थेसाठी डिसेंबरात होणारी स्नॅप ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

गोव्यातच राहायचे असेल तर ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचे बिझनेस स्कूल आहे. साखळीपासून हाकेच्या अंतरावर, पर्ये येथे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी ती 1993 साली रायबंदरला सुरू केली होती. साखळीची मुले तिच्या फाटकावरून रोज जातात, पण आत अर्ज करायचा विचार फारसा कोणी करत नाही, हे चमत्कारिकच.

परदेशी जायचे तर अटी बदलतात. ब्रिटनमध्ये याच विषयाची एमएससी वर्षभरात होते. अमेरिकेतली काही विद्यापीठे 16 वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह धरतात, तिथे आपली तीन वर्षांची पदवी अपुरी पडते. जर्मनीसाठी नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. पैशाचे म्हणाल, तर गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जयोजना आधी पाहावी, मग बँकेची पायरी चढावी.

प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र पाठांतर चालत नाही, आणि इथेच पेडणे-डिचोलीची मुले स्वतःला उगाच कमी लेखतात. पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून त्याच तालुक्यात सुरू आहे. तरी ती मिरची सहजासहजी युरोपच्या दुकानात का पोचत नाही? पीक थोडे आणि घराघरांत विखुरलेले. शिवाय युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या सुक्या मिरचीत अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष तपासतो; अंगणात वाळवलेल्या मालाला ओल लागली की तो तिथेच अडकू शकतो. हे उत्तर देणारा उमेदवार परीक्षकांच्या ध्यानात राहतो.

काजूचेही तसेच. भारतातले कारखाने आफ्रिकेतून कच्ची बी आणतात. तिथल्या गिनी-बिसाव या देशाची राजभाषा पोर्तुगीज. गोव्यातल्या ज्या घरात आजोबांना अजून पोर्तुगीज वाचता येते, त्या घरातल्या नातवाने ती भाषा शिकून घेतली तर दिल्लीच्या मुलांपेक्षा तो एक पाऊल पुढे राहील. गोवा विद्यापीठात ती शिकण्याची सोय आहे.

तेव्हा पालकांनो, एक विनंती. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला निघतात आणि सप्टेंबरात बंद होतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर. अर्ज भरण्याची वेळ नेमकी गणेश चवथीची. माटोळीचे सामान आणायला बाजारात निघण्याआधी मुलाचा अर्ज भरून झाला आहे का, एवढे विचारून घ्या.