पूरपातळी सांगणारी माणसं



आयुष्यभर रस्ते-पूल बांधणाऱ्या माणसाला साहित्य संमेलनाच्या खुर्चीत बसवलंत, तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली असणार. 1946 साली बेळगावच्या संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक अध्यक्षानं सीमाप्रश्नावर बोलायचं हे जवळपास ठरलेलंच आहे. मी आज माझ्या धंद्याबद्दल बोलणार आहे. पण आपल्या भागात कुठलीही वाट धरली तरी ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर येतेच, त्यामुळं काळजी नसावी.

बेळगावात 1998 पासून माझ्याच धंद्यातल्या विश्वेश्वरय्यांच्या नावाचं तांत्रिक विद्यापीठ आहे. कृष्णराजसागर, म्हैसूरची दिवाणगिरी, भारतरत्न हे आपल्याला पाठ असतं. पण हा माणूस इंजिनिअर झाला तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, आणि 1884 साली नोकरीला लागला तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. आपलं बेळगावही त्याच इलाख्यात होतं. नाशिक, धुळे, पुणे इथं त्यांची उमेदीची वर्षं गेली. पहिल्या कामांपैकी एक खानदेशात पांझरेच्या पात्राखालून पाण्याचा नळ नेण्याचं. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे 1903 चे. धरणाची भिंत न वाढवता तलावाची पातळी त्यांनी सुमारे 8 फुटांनी वाढवली. पाणी चढलं की दरवाजा आपोआप उघडायचा, उतरलं की मिटायचा. म्हैसूरला गेले ते 1909 साली, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं इकडं राबून झाल्यावर. पुढं त्यांनी आठवणी लिहिल्या त्या इंग्रजीत. त्यांना दोष कसा द्यायचा? आम्ही त्यांच्यानंतरचे, मराठी शाळेत शिकलेले, आम्ही तेवढंही लिहिलं नाही.

निपाणीवरून जाणारा महामार्ग आपल्या साहित्यात नाही असं मात्र नाही. निपाणीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या महादेव मोऱ्यांनी ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका यांना मराठी कथेत आणून बसवलं. 2024 साली ते गेले, आणि मला वाटतं त्यांच्या तोलाचा मान त्यांना जिवंतपणी मिळाला नाही. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी ह्याच रस्त्यावर ठाण मांडून बसले, 6 एप्रिलला गोळ्या झेलल्या. धरणाखाली घर गेलेल्यांसाठी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' ही कादंबरी आहे. रस्त्यावर जगणारे आले, रस्ता अडवणारे आले, रस्त्यापायी आणि धरणापायी उठलेले आले. फक्त बांधणारा आला नाही. आला तर टक्केवारी खाणारा म्हणून. तशी माणसं आहेत, मी पाहिलीत. पण तेवढीच आहेत का?

बांधणारा काय करतो ते एका गोष्टीवरून सांगतो. पुलाचा आराखडा करायचा तर आधी नदीकाठच्या गावात जाऊन विचारावं लागतं, मोठा पूर कधी आला आणि पाणी कुठवर चढलं? वेदगंगेकाठी एका आजीनं मला घरात नेऊन जातं दाखवलं. "ह्यो खुटा तेवढा वर हुता बघ. म्हशीचं दावं इळ्यानं कापलं आनि मग आमी म्हारुतीच्या देवळात पळालो. लिव्हून घे, सायेब." आम्ही खुंट्याशी मोजपट्टी धरली, लेव्हलच्या दुर्बिणीतून आकडा वाचला. पलीकडच्या वस्तीत तीच चौकशी कन्नडमध्ये केली. सगळेच खरं सांगतात असं नव्हे. भरपाईच्या आशेनं कुणी पाणी हातभर वाढवतो, जमीन जाईल ह्या भीतीनं कुणी कमी सांगतो. म्हणून चार घरं फिरायची, देवळाच्या भिंतीवरचे डाग बघायचे, मग आकडा पक्का करायचा. पूल किती उंच, गाळे किती, पाया किती खोल, ह्या सगळ्या हिशेबात तो आकडा असतो. अहवालात एकच ओळ उतरते, 'स्थानिक चौकशीनुसार उच्चतम पूरपातळी अमुक मीटर.' आजी, जातं, म्हैस सगळं त्या ओळीत गडप.

पुढं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचं काम निघालं. 5,846 किलोमीटरचा रस्ता, त्यातली चेन्नई-मुंबई बाजू आपल्या निपाणी-बेळगाववरून गेली. दिल्लीत बसून एवढं काम हाकणाऱ्याला वेदगंगा म्हणजे नकाशावरची बारीक निळी रेघ. त्याचंही चुकत नाही, त्याला मुदती आणि पैसा सांभाळायचा असतो. पण पूल आखूड ठेवून दोन्हीकडं मातीचा भराव टाकला की खर्च वाचतो, आणि पुरात तोच भराव बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. 2021 च्या जुलैत वेदगंगेकाठच्या यमगर्णीजवळ पाणी महामार्गावर आलं, वाहनांच्या रांगा लागल्या. भराव नको, खांबांवरचा पूल द्या, असं आपल्याकडचे शेतकरी म्हणतात, तेव्हा ते अडाणीपणानं बोलत नसतात. दूधगंगा-वेदगंगेचं पाणी कागल तालुक्यातून निपाणी तालुक्यात येताना राज्य विचारत नाही, आणि पुराची आठवण दोन्ही राज्यांत, दोन्ही भाषांत साठलेली आहे. ती ज्याला ऐकता येते तो पुढं देशाची कामं नीट हाकतो, असा माझा अनुभव आहे. वर चढताना मात्र पहिल्यांदा तीच सवय सुटते. मोठ्या हुद्द्यावरच्या बैठकांत मी आकड्यांवर तासन्‌तास भांडलेले लोक पाहिले, तो आकडा कुणी सांगितला हे विचारणारा क्वचित दिसला.

म्हणून संयोजकांकडं एक मागणं आहे. आपल्या गावागावांत निवृत्त मिस्त्री आहेत, सुपरवायझर आहेत, हिडकल धरणावर, कोकण रेल्वेच्या बोगद्यांत राबून आलेले लोक आहेत. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांच्यासाठी पानं राखून ठेवा. लिहायला हात धजत नसेल तर कॉलेजच्या पोरांना वह्या देऊन त्यांच्याकडं पाठवा, कानडी बोलणारा असेल तर त्याचंही मराठीत उतरवून घ्या. पहिला लेख मी देतो, त्याच आजीवरचा. शुद्धलेखन संपादकांनी खुशाल सुधारावं. आजीची बोली आणि माझे आकडे मात्र आहेत तसे ठेवा.