अवजार निवडताना

(आजरा येथील बैठकीत केलेले भाषण)



2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. मागोमाग जेमिनी, कोपायलट अशी रांग लागली. आता बैठकीत पोरे विचारतात, "सर, यातले चांगले कुठले?" मी उलट विचारतो, विळा चांगला की कुदळ? काम सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

म्हणून पहिला प्रश्न कामाचा. तहसीलदारांना अर्ज लिहायचा आहे, बँकेची इंग्रजी नोटीस समजून घ्यायची आहे. इथे ही साधने खरोखर उपयोगी आहेत. मराठीत बोलून विचारता येते. चूक झाली तर दुसऱ्याकडून वाचून घेऊन दुरुस्त करता येते. पीएम किसानच्या हप्त्याची चौकशी असेल, तर केंद्र सरकारने 2023 साली किसान ई-मित्र सुरू केले. तिथे मराठीतही विचारता येते.

दुसरा प्रश्न : चुकले तर भुर्दंड कुणाला? मी स्वतः अशाच एका साधनाला घनसाळ भाताची खतमात्रा विचारली. त्याने बेधडक बुटक्या, सुधारित भाताची मात्रा सांगितली. आपला घनसाळ उंच वाढणारा. एवढा युरिया दिला तर तो लोळणारच. मी शेतीची पदवी घेतलेला, म्हणून ओळखले. ज्याने विश्वास ठेवला असता, त्याचे भात आडवे झाले असते आणि यंत्राने दमडीची भरपाई दिली नसती. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेले आपले वाण! पण ज्यावर जगात भरपूर लिहिलेले, तेच यंत्राला चांगले ठाऊक. घनसाळावर लिहिलेले आहे किती?

फोटोचेही तेच. उसाच्या पिवळ्या पानाचा फोटो पाहून ते लोहाची कमतरता सांगेल. हुमणी मात्र मुळाशी असते. आधी बुडखा उकरून बघा, मग फोन काढा. फवारणीची मात्रा डब्यावरच्या लेबलाचीच.

तिसरा प्रश्न : आपली माहिती जाते कुठे? आधार, पासबुक, ओटीपी कुठल्याही यंत्राला देऊ नका. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइल उघडून लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

कुणी म्हणेल, बारामतीला ऊस कसा वाढला? तिथे कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने जमिनीत सेन्सर बसवले, हवामान केंद्र उभारले, उपग्रहाची माहिती घेतली. तिथला सल्ला त्याच शेतातल्या मोजमापावर निघतो. फोनातले यंत्र तुमचे शेत न बघता बोलते. हा फरक विसरू नका.

राज्य सरकारने 2025 साली महाकृषी-एआय धोरण मंजूर केले, 500 कोटींची तरतूद सांगितली. मग आमची मागणी सरळ आहे. वीस गुंठेवाल्याला एकट्याने सेन्सर परवडत नाही. गावाला सामाईक हवामान केंद्र द्या. घनसाळ आणि काजूची खरी माहिती यंत्रात भरा. आणि आमच्या शेतातून निघालेल्या माहितीवर मालकी आमची राहू द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने यंत्राला विचारलेला एक प्रश्न आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून आणावे. खरे किती, खोटे किती, आपण मिळून तपासू.