सुटीतील शिबिर : निवड कशी करावी?



ज्या कसबा बावड्यात १८७४ साली राजर्षी शाहूंचा जन्म झाला, तेथे मुलांविषयी बोलताना त्यांचे स्मरण होणे साहजिक आहे. मुलांना शाळेत घालावे म्हणून १९१७ साली महाराजांना सक्तीचा हुकूम काढावा लागला. आज आईबापच सुटीतही मुलाला मोकळे सोडायला तयार नाहीत! परीक्षा संपते न संपते तोच शिबिरांची पत्रके घरात येऊन पडतात. मग निवडावे कोणते?

पत्रकातील विषयांच्या यादीवर भुलू नका. जागा पाहून या. सावली आहे का, पिण्याचे पाणी कसे आहे, भर दुपारी मुले कोठे असतात, एका शिक्षकामागे मुले किती, हे विचारा. पोहण्याचा वर्ग असेल तर अधिक कसून विचारा. पंचगंगा आपल्या दाराशी आहे, राजाराम बंधारा मुलांना खुणावतो. पण पाणी कुणाची ओळख ठेवीत नाही. केवळ पहाऱ्यासाठी म्हणून एखादा पट्टीचा पोहणारा काठावर उभा नसेल, तर ते शिबिर फुकट मिळाले तरी नको.

दुसरे, मुलाला विचारा. चित्रात रमणाऱ्याला कुस्तीच्या हौद्यात ढकलू नका आणि लाल मातीची ओढ असणाऱ्याला गणिताच्या जादा तासाला बसवू नका. आपली राहून गेलेली हौस मुलाच्या सुटीतून फेडून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ज्यांना फी झेपत नाही, त्यांनी खंत करू नये. आजोळ, तालीम, ग्रंथालय ही आपली जुनीच शिबिरे आहेत.