गाडीतला कुबट वास

धानाची रोवणी सुरू झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात हवेत ओल भरते. याच दिवसांत माझ्या गाडीचा एसी लावला की कुबट वास यायचा. मी सुगंधी डबी ठेवली. वास दबला, पण आईचा दमा उसळला. तेव्हा कारण शोधले. एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते. जाळी ओली राहिली की बुरशी धरते. म्हणून मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करावा, पंखा मात्र जोरात चालू ठेवावा, जाळी सुकते. मळलेला फिल्टर बदलावा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर नळी तुंबली का, पाहावे. तरीही वास राहिला, तर मेकॅनिककडून जाळी धुऊन घ्यावी. वास झाकू नये, ओल घालवावी.