करुणेतले सुख



सुखाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आणि मला आठवल्या पंडिता रमाबाई.

आईवडील व बहीण दुष्काळाने नेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पदरी तान्ही मनोरमा. त्या दुःख कवटाळून बसल्या असत्या, तर कोणी नावे ठेवली नसती. पण इंग्लंडात पतित स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. १८८३ साली त्यांनी तो धर्म घेतला. त्यावरून इकडे वादळ उठले. त्या वादात मी शिरत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या आणि केडगावी वसवल्या. मुली विणकाम, छपाई शिकल्या; मनोरमाबाईंनी आंधळ्यांना ब्रेल शिकवले. स्वतःच्या भुकेची आठवण रमाबाईंनी दुसऱ्याच्या घासासाठी वापरली.

शेजारी कोण? वाटेत पडलेल्या जखमी माणसाला ओलांडून जात नाही तो, असे ख्रिस्ताचे सांगणे. आपले गंगाखेड तर जनाबाईंचे. दळणकांडणात देव भेटतो, हे आपल्याला नवे नाही. दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी एकटी राहते. तिची चूल पेटली का, एवढे प्रत्येकीने रोज पाहावे. न पेटली, तर आपल्यातली भाकरी न्यावी. जात-धर्म विचारू नये, उपकाराची भाषा करू नये.

सुख शोधून सापडत नाही, भगिनींनो. ते असे भाकरीबरोबर जाते आणि रिकाम्या ताटलीतून परत येते.