इशारा शिवारापर्यंत पोचला नाही



11 एप्रिल 1965. ईस्टरच्या आधीचा रविवार, म्हणजे पाम संडे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या इंडियाना राज्यात त्या दुपारी छान ऊन पडलं होतं. थंडी सरली होती, माणसं चर्चहून घरी येऊन जेवली होती आणि पोरंबाळं अंगणात खेळत होती. मका-सोयाबीनच्या पेरणीला अजून अवकाश होता. काही शेतं नांगरून पडली होती, तर काहींत गेल्या हंगामातल्या मक्याची धसकटं तशीच उभी होती. अशा दिवशी घरात बसून रेडिओ कोण ऐकणार?

दुपारी एकच्या सुमारास पश्चिमेकडच्या आयोवात पहिला टोर्नेडो जमिनीवर उतरला. शेवटचे टोर्नेडो ओहायोत उतरले तेव्हा रात्र बरीच झाली होती. मधल्या काळात सहा राज्यांत मिळून चाळीसहून अधिक टोर्नेडो झाले आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. एकट्या इंडियानात 137. मेलेल्यांतले पुष्कळ जण छोट्या गावांतले, वाड्यावस्त्यांवरचे आणि शेतघरांतले होते. रशियाव्हिल नावाच्या लहानशा गावात धड राहिलेली घरं शोधावी लागत होती. मिशिगनच्या दक्षिण टोकाला तर साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने दोन टोर्नेडो जवळजवळ एकाच पट्ट्यातून गेले. पहिल्यातून वाचलेली माणसं अजून ढिगारे उपसत होती, तोवर दुसरा आला.

आपल्याकडे वादळ म्हटलं की समुद्रावरून येणारं चक्रीवादळ डोळ्यांपुढे येतं. ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि त्याची चाहूल आधी लागते. जून 2020 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळाच्या वेळी होड्या बंदरात आणायला आणि माणसं हलवायला थोडा तरी वेळ मिळाला होता. टोर्नेडोची गोष्ट वेगळी. त्याचा पट्टा बहुधा काहीशे मीटरचा असतो आणि आयुष्य मिनिटांचं. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उबदार, दमट हवा खाली आणि कोरडी, थंड हवा वर, अशी अमेरिकेच्या त्या भागात वसंतात गाठ पडते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत असली, तर गडगडाटी ढग आतल्या आत फिरू लागतो. अशा फिरणाऱ्या काही ढगांतून मग टोर्नेडो खाली उतरतो. पाम संडेचे काही टोर्नेडो ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे सरकत होते. ते दिसल्यावर गोठ्यातून तळघरापर्यंत धावायला कितीसा वेळ मिळणार?

इथेच या घटनेचं सर्वांत वेदनादायक अंग आहे. हवामान खातं त्या दिवशी झोपलेलं नव्हतं. कॅन्सस सिटीतल्या तज्ज्ञांनी टोर्नेडोच्या शक्यतेचे अंदाज दिले होते. स्थानिक कार्यालयं इशारेही देत होती. पण इशारा जायचा टेलिफोनच्या आणि टेलिप्रिंटरच्या तारांवरून, आणि लोकांना कळायचा रेडिओ-टीव्हीवरून. वादळाने तारा तोडल्या, वीज गेली, घराघरांतले संच मुके झाले. ज्यांच्या कानांवर काही पडलं, त्यांतल्या अनेकांना ‘टोर्नेडो होऊ शकतो’ आणि ‘टोर्नेडो दिसला आहे, आत्ताच्या आत्ता लपा’ यांतला फरक उमगला नाही. हे अज्ञान त्या लोकांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. सरकारी भाषाच तेव्हा तेवढी स्पष्ट नव्हती.

उत्तर इंडियानात डनलॅप नावाची वस्ती आहे. त्या संध्याकाळी स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार पॉल हफमन पत्नीसह मोटारीने घरी निघाले होते. रस्त्यापलीकडच्या ट्रेलर-घरांच्या वस्तीवर टोर्नेडो चालून येताना त्यांना दिसला. त्यांनी गाडी थांबवली आणि पाठोपाठ फोटो काढले. एका फोटोत एकाच टोर्नेडोच्या दोन सोंडा शेजारी शेजारी उभ्या आहेत. हा फोटो जगभर गेला. डनलॅपचं दुर्दैव मात्र एवढ्यावर संपलं नाही. तासाभराच्या आतच आणखी एक टोर्नेडो त्याच परिसरातली दुसरी वस्ती उद्ध्वस्त करून गेला. तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तिथल्या ढिगाऱ्यांतून फिरले.

यानंतर या कथेत शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक टेट्सुया फुजिता येतात. जपानच्या क्यूशू बेटावर ते वाढले. 1945 मध्ये अणुबॉम्बने झालेल्या विध्वंसाची पाहणी करायला ते नागासाकीला गेले होते. झाडं कुठल्या दिशेने पडली, काय जळलं, काय उभं राहिलं, यावरून स्फोटाचा उलगडा करायची सवय त्यांना तिथे लागली होती. पाम संडेनंतर छोट्या विमानातून चार दिवसांत सुमारे 12 हजार किलोमीटर फिरून त्यांनी तो प्रदेश पालथा घातला. वरून त्यांना शेतांत एकमेकांत गुंतलेली वेटोळी दिसली. जड वस्तू फरपटत गेल्याने जमिनीला पडलेले ओरखडे, असा अशा खुणांचा अर्थ तोवर लावला जात असे. फुजितांना वेगळंच आढळलं. धसकटं आणि कचरा वाऱ्याने गोळा करून ओळीने टाकला होता, आणि त्याचेच ते बारीक बांध होते. मोठ्या भोवऱ्याच्या पोटात लहान, अधिक जोरकस भोवरे फिरत असतात, हा त्यांचा निष्कर्ष. एक घर जमीनदोस्त होतं आणि हाकेच्या अंतरावरचं शाबूत राहतं, याचं कारण त्यातून मिळालं. पुढे 1971 मध्ये त्यांनी टोर्नेडोची तीव्रता नुकसानीवरून ठरवणारी एफ-0 ते एफ-5 ही श्रेणी मांडली. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या विज्ञानाचा दस्तऐवज शेतकऱ्यांच्या शेतांवर लिहिला गेला होता.

सरकारनेही चूक कुठे झाली ते तपासलं. ‘सावध राहा’ आणि ‘आसरा घ्या’ या दोन पायऱ्यांना स्वतंत्र, ठाम नावं मिळाली. शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीने बसवलेले नागरी संरक्षणाचे भोंगे अनेक गावं टोर्नेडोसाठी वाजवू लागली. आभाळाकडे लक्ष ठेवून हवामान कार्यालयाला कळवणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचं जाळं पुढे स्कायवॉर्न या नावाने उभं राहिलं. त्यात शेतकरीही आले.

वादळाच्या वाटेत आमिश लोकांची घरं आणि धान्याची कोठारंही होती. श्रद्धेमुळे रेडिओ-टीव्ही घरात न ठेवणारा हा समाज घोडागाडीने फिरतो. पडलेलं कोठार उभं करायचं तर आजूबाजूचे पुरुष हत्यारं घेऊन जमतात, बाया स्वयंपाक करतात आणि लाकडी सांगाडा दिवसभरात उभा राहतो. मेनोनाइट पंथाचे स्वयंसेवक तर दूरदूरहून आले. पण भोंगा ऐकू येणार नाही इतक्या लांबच्या आणि रेडिओ नसलेल्या घराला कळवायचं कसं, हा प्रश्न तिथे उरलाच.

हाच प्रश्न आपल्या उपखंडातही आहे. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे 1300 माणसं गेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत एका टोर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी आहेत. महाराष्ट्रात शिवारातल्या माणसाला अशा तातडीच्या इशाऱ्याची गरज भासते ती विजेसाठी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप तयार केलं आहे. आसपास वीज पडण्याचा धोका ते मोबाईलवर सांगतं. मोबाईल घरी ठेवून दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या बाईला मात्र हा इशारा मुकादमाने, शेजारच्या शेतकऱ्याने किंवा गावातल्या भोंग्यानेच द्यावा लागेल. ते काम कोणी करायचं, हे ग्रामसभेने पावसाळ्याआधी नावानिशी ठरवायला हवं.